काचेचा कप

पानं सुटलेलं पुस्तक बाइंडरच्या हाती द्या, संध्याकाळपर्यंत ताठ पाठीने बाहेर येतं. चाळिशीचा हा गडी दिवसभर सुई आणि धारदार पातं चालवतो, पण घरी चहा मिळतो तो स्टीलच्या पेल्यात. आईचा हुकूम!

विसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया झाला, नसलेले आवाज ऐकू यायला लागले. औषधांनी गाडी रुळावर आली. आईच्या मनाने मात्र घेतलं ते घेतलंच. "लहानपणी याच्या हातून सारखे कप पडायचे. मला तेव्हाच कळायला हवं होतं." वीस वर्षं ती माउली स्वतःलाच बोल लावत होती.

परवा त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आम्ही रुग्णांचं बालपण आणि त्यांचा मेंदू ताडून पाहतोय. मदत कराल?" बाइंडर हौसेने मेंदूच्या स्कॅनच्या मशीनमध्ये झोपून आला. "आत काय तो ठकठकाट! माझे जुने आवाज असते तर पळून गेले असते."

आईने फॉर्म भरला: उशिरा चालला, एकटाच बसायचा, कप फोडायचा. पुराव्याला वडिलांनी काढलेली जुनी व्हिडिओ कॅसेट दवाखान्यात आणली. ती बघायला बाइंडरची मोठी बहीणही आली. ती दातांची डॉक्टर.

पडद्यावर डोक्याचा गोटा केलेलं दोन वर्षांचं पोर आलं. धाडकन कप फुटला.

"बघा!" आईने पडद्याकडे बोट केलं.

ताई पुढे वाकली. "आई, मागे पाळण्यात कोण आहे?"

पाळण्यात दोन पाय मजेत हवेत नाचत होते.

"तो हा आहे. कप फोडणारी मी!"

बाइंडर पोट धरून हसत सुटला.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "पुढे आजारी पडलेल्या शेकडो मुलांची सरासरी काढली की इतरांपेक्षा थोडा फरक दिसतो. एकेकट्या मुलाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं, आजी."

आई पदर तोंडाशी धरून रडली. रडता रडता तिलाही हसू फुटलं.

घरी आल्यावर चहा झाला. काचेचा कप बाइंडरसमोर आला, स्टीलचा पेला ताईसमोर.

"अगं, मी दिवसभर लोकांचे दात कोरते!"

"कोर की. कप माझे आहेत."

बाइंडरने सावकाश, फुंकर मारत चहा संपवला. आईने त्याच्या हातांकडे एकदाही पाहिलं नाही.