हायाशीसानपुढचं गाऱ्हाणं

"आमचां चेडू दार लावन रोज कोणाची तरी माफी मागता," आई गेटापाशी शेजारच्या लक्ष्मीकाकूंना सांगत होती. "कोणाची, तां मात्र सांगना."

"प्रेमाबिमाचां काय गो?" काकूंनी आवाज खाली आणला. (आमच्या पाळी गावात खाली आणलेला आवाज पलीकडच्या वाड्यावर जास्त स्पष्ट ऐकू येतो.)

"नाय गो. जपानी शिकता."

"देवा रे!" काकू म्हणाल्या. प्रेम परवडलं असतं, असा तो सूर होता.

ते चेडू, म्हणजे मुलगी, म्हणजे मी, हे खिडकीआडून ऐकत होते. मी बहुतेक गोष्टी खिडकीआडूनच ऐकते. बसमध्ये "थांबवा" म्हणायची लाज वाटते म्हणून पुढच्या स्टॉपवर उतरून उन्हातून मागे चालत येणारी मुलगी मी!

तर मी जपानी शिकत होते, तीही इंग्रजीतून. (माफी त्यातलीच: जपानीत बोलायला सुरुवातच मुळी 'माफ करा' म्हणून करतात.) शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे डोकंही इंग्रजी माध्यमाचं. पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात चौकट टाकून धीर दिला होता: जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, घाबरू नका! मी लगेच घाबरले. कित्येक महिने इंग्रजी वाक्याला डोक्यावर उभं करून त्याचं जपानी करायचा खटाटोप चालला. शेवटी एक दिवस आईने भाजी चिरता चिरता विचारलं, "मगे आपण काय करतंव? 'बाबा डिचोलीक गेले.' गेले शेवटीच गेले मां?"

मी पुस्तक मिटलं. (ते परदेशात छापलेलं होतं. त्यांना आईचा पत्ता माहीत नसणार.)

दुसरी अडचण मात्र आईलाही सुटणारी नव्हती. जपानी माणूस बोलत असताना ऐकणाऱ्याने दर अर्ध्या वाक्याला "हाय, हाय", म्हणजे "हो, हो" असा जाब देत राहायचा असतो. गप्प बसलात तर तुमचं लक्ष नाही असं समजतात. आणि मी तर जन्मजात गप्प! पहिल्या ऑनलाइन मुलाखतीत मी इतकी मन लावून गप्प ऐकत होते की "नेट गेलेलं दिसतं" म्हणून समोरच्यांनी कॉल बंद केला. नेट उत्तम होतं. मीच गेले होते.

आता दुसरी संधी आली होती: पणजीतल्या एका भाषांतराच्या कचेरीत नोकरी. मुलाखत घेणार होत्या थेट जपानहून हायाशीसान, म्हणजे आपल्याकडच्या हायाशीबाई. हीसुद्धा हुकली तर पुढे काय, याचं उत्तर आमच्या घरात कोणाकडेच नव्हतं. लक्ष्मीकाकूंकडे होतं. त्यांच्याकडे एक स्थळ होतं.

बाबांना मात्र कसलीच शंका नव्हती. त्यांनी उमेदीची वर्षं खनिजाचा ट्रक चालवला. पाळीची माती त्यांच्या ट्रकातून धक्क्यावर, तिथून बार्जमधून मुरगावला आणि मुरगावहून बोटीने जपानला. "अर्धो डोंगर मी धाडलंय थंय!" ते भेटेल त्याला सांगत. "माती गेली, मगे चेडू कित्याक जावचां नाय?"

मुलाखतीच्या सकाळी मी घरात फर्मान काढलं: टीव्ही नाही, मिक्सर नाही, स्कूटर नाही. पाववाल्या पोदेराचा भोंगा थांबवायला आई स्वतः गेटावर उभी राहिली.

"बाबा, आवाज नको हां!"

"आवाज कसलो? आमी देवाच्या खोलयेत आसतलंव."

मी निश्चिंत झाले. 'मी' ऐवजी 'आमी' म्हणाले, तेव्हाच कान टवकारायला हवे होते!

हायाशीसान पडद्यावर आल्या. लहानखुऱ्या, नीटनेटक्या, मागे पांढरी भिंत. मी वाकले, त्या वाकल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला. मी तोंड उघडलं. आणि भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला:

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबांनी देवापुढे नारळ-विडा ठेवून माझ्यासाठी गाऱ्हाणं, म्हणजे खड्या आवाजातलं मागणं, घातलं होतं. आणि गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा', म्हणजे 'हो महाराजा', असा जाब द्यायला माणसं लागतात, म्हणून आपले जुने ट्रकवाले दोस्त बोलावले होते. इंजिनाच्या वर ओरडून तयार झालेले गळे ते! माझ्या ग्लासातलं पाणी हललं.

"ते काय आहे?" हायाशीसाननी दचकून विचारलं.

गाऱ्हाण्याला जपानी शब्द कुठून आणू? "माझे बाबा," मी म्हटलं, "देवाबरोबर मीटिंग करत आहेत."

"आणि बाकीचे?"

"ते मंजुरी देत आहेत."

"बाबा काय म्हणताहेत, सांगाल का?"

"ह्या लेकराक आज वाचा फुटांदे—"

"व्हय म्हाराजा!"

"—त्या जपानी बायेक बरी बुद्धी होवंदे—"

"व्हय म्हाराजा!"

"—आमी तेंका डोंगर धाडलो, तेंनी एक नोकरी धाडूची—"

"व्हय म्हाराजा!"

मी सांगत गेले. इंग्रजीला मध्ये घ्यायला वेळच नव्हता! कानातून आमची बोली आत, तोंडातून जपानी बाहेर, आणि क्रियापदं शहाण्या मुलांसारखी शेवटी आपापल्या जागी बसत होती. (बुद्धीचा भाग मी गाळला. भाषांतरकाराला तेवढी अक्कल हवी.) मी चक्क मोठ्याने बोलत होते, कारण त्या कल्लोळात हळू बोललेलं ऐकू गेलं नसतं. आणि दर अर्ध्या वाक्याला हायाशीसान मान तुकवून म्हणत होत्या, "हाय... हाय..."

पलीकडे एकदम शांतता झाली. दार उघडलं. हातात नारळ घेतलेले बाबा, मागे आई आणि तिच्या मागे ट्रकवाले.

"आयकलास?" बाबा आईला म्हणाले. "बायेक गाऱ्हाणां समाजता! आमच्या चेडवापेक्षा बरो जाब दिता!" आणि त्यांनी लॅपटॉपपुढे हात जोडले. हायाशीसान वाकल्या. बाबा वाकले. मागची रांगच्या रांग वाकली.

मग हायाशीसाननी एक लांबलचक वाक्य सुरू केलं. जपानी वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दात लागतो, म्हणून मी श्वास रोखून वाट पाहत राहिले. "एवढ्या गोंधळातही न थांबता भाषांतर करणाऱ्या तुम्ही, पुढच्या महिन्यापासून, आमच्याबरोबर काम... कराल का?"

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. आता फक्त "हाय" म्हणायचं होतं. जपानीतला सर्वांत सोपा शब्द, दार लावून आरशापुढे घोटून घोटून पाठ केलेला! मी बाबांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या नारळाकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा, पलीकडच्या वाड्यावर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात जपानला उत्तर दिलं:

"व्हय म्हाराजा!"