हातात फिरलेली डिस्क

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करता करता केस पांढरे झाले, आणि 'आपोआप चालू झालं ओ' म्हणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हसलोय. तरी हे लिहितोय... पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अंबादास अण्णांचा चादरींचा कारखाना होता. चादरीची नक्षी ते एका जुनाट, युनिक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटर मशीनवर काढायचे. सगळी डिझाइनं एकाच, स्कझी नावाच्या जुन्या जातीच्या हार्डडिस्कवर — विटेएवढी जड, आणि मशीन बूटही तिच्यावरूनच व्हायचं. ही म्हातारी एकदा थांबली की परत फिरायची नाही, हे मी अण्णांना बजावलं होतं. म्हणून खंडेनवमीला सगळे माग थांबवून पूजा व्हायची, तेव्हाही अण्णा या मशीनचा नुसता स्क्रीन बंद करायचे आणि चालू डब्यालाच हळदकुंकू लावायचे. कॉपी काढून ठेवा म्हणून मी डोकं फोडलं. "बघू की," म्हणायचे.

उन्हाळ्यात अण्णा गेले. लेकीच्या, म्हणजे स्वातीच्या लग्नासाठी ते एक चादर काढत होते. ती त्यांनी घरात कुणालाच दाखवली नव्हती.

त्या खंडेनवमीला अण्णांच्या बायकोनं, पद्मावहिनींनी, यंत्रं थांबवायची म्हणून मेन स्विचच पाडला. त्यांना कोण सांगणार? पूजेनंतर मशीन उठेना.

भर दुपारी मी गेलो. डिस्क अडकली होती. अशा वेळी एक जुनी युक्ती असते, डिस्क तळहातावर धरून मनगटाला झटका द्यायचा. विजेची आणि डेटाची, दोन्ही केबली काढून मी झटके दिले. काही नाही. "वहिनी, गेली ही," म्हणालो. माझाच मला राग येत होता.

"अशी कशी जाईल ओ भावजी? तुमी धरा तर," म्हणत वहिनींनी मशीनला नमस्कार केला आणि बटण दाबलं.

माझ्या हातात थरथर जाणवली. डिस्क फिरत होती... आणि केबली तिकडे डब्यातून लोंबत होत्या. स्क्रीनवर ओळी सरकल्या — डिस्क सापडली, युनिक्स बूट झालं, आणि कुणी काही न दाबता चादर उमटायला लागली. खालून वर, एकेक ओळ. काठाला मोर, मधोमध स्वातीचं नाव.

वहिनी रडल्या नाहीत. "नाव बी घातलंय की," एवढंच म्हणाल्या. मी जागचा हललो नाही, हललो तर थांबेल अशी भीती वाटली. बोटं भाजत होती. वरचा काठ यायचा होता, तेवढ्यात डिस्क मंदावली आणि स्क्रीन काळा झाला.

"थांबलं काय ओ?"

"हो वहिनी."

पुण्याच्या रिकव्हरीवाल्यांनी डिस्क उघडून बघितली. आत काहीच उरलं नव्हतं. डिझाइनंच गेल्यावर कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले, स्वातीला लग्नात दुकानातली चादर दिली. मला भास झाला म्हणावं, तर नाव वहिनींनीही वाचलं होतं. बिनवायरीची डिस्क कशी फिरली, ते मला आजही सांगता येत नाही.

दर खंडेनवमीला वहिनी मला बोलावतात. हळदकुंकू लावलेली डिस्क माझ्या तळहातावर ठेवतात आणि बटण दाबतात. काही होत नाही. होणारही नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. पण मी हात खाली घ्यायला लागलो की हळूच म्हणतात, "अजून जरा धरता का, भावजी?"