कापणीच्या सणाचं कोहळं

आमच्या मंडळीत कारभारीपणाचा धडा मीच शिकवते. जन्मभर शाळेत पोरांना शिकवलं, आता निवृत्त झाल्यावर रविवारी चर्चमध्ये मोठ्या माणसांना शिकवते. धडा सोपा आहे. आपल्याजवळचा पैसा आपला नाही, देवाचा आहे. आपण नुसते कारभारी. खर्च करताना, गुंतवताना मालकाला काय आवडेल ते बघायचं. मी स्वतः हे तंतोतंत पाळते. पेन्शन आली की दशांश वेगळा, पांढऱ्या पाकिटात, वर माझं नाव ठळक अक्षरात. मुदत ठेव ठेवायची तर आधी गुडघे टेकून प्रार्थना. आणि साक्ष देते, प्रभूनं मला आजवर प्रत्येक वेळी पाव टक्का जास्त देणाऱ्या बँकेतच नेलं आहे.

भाजीवाल्यांशी घासाघीस करते तीही सेवाच. देवाचा पैसा आहे, उधळायचा कशाला? वर्ध्याच्या बाजारात मी दिसले की बायका मेथीच्या चांगल्या जुड्या मागे सरकवतात, एवढं माझं नाव आहे.

चर्चच्या भिंतीला टेकून, कडुनिंबाच्या सावलीत एक मावशी भाजी विकायची. जवळच्याच खेड्यातली. घरच्या वावरातली वांगी, संभार म्हणजे आपली कोथिंबीर, कोहळी ऑटोत टाकून आणायची. तिचे गुडघे गेलेले. बाजारात जागेसाठी धक्काबुक्की करणं तिच्याच्यानं होत नव्हतं. इथं पाठीला भिंत होती आणि डोक्यावर झाड होतं, म्हणून तिचं दुकान चालायचं. आणि नेमकी तीच जागा आमच्या कमिटीच्या डोळ्यात भरली. तिथं पेव्हर ब्लॉक बसवायचे, साखळी लावायची, मंडळीच्या गाड्या सावलीत उभ्या करायच्या, असं चाललं होतं. पैसा तेवढा उभा व्हायचा होता, आणि तो कापणीच्या सणाला होणार होता.

कापणीच्या सणाला शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणून ठेवायचं असतं. उपासना झाली की त्याचा तिथंच लिलाव होतो आणि रक्कम मंडळीला जाते. आमच्या आजोबांच्या वेळी लोक खरंच वावरातून ज्वारीची कणसं आणि कापसाची बोंडं आणायचे. आता आमच्यापैकी कोणाच्या नखाला माती लागत नाही. म्हणून आम्ही आपल्या कष्टाचं पहिलं फळ शनिवारी विकत आणतो. भाव पाडून.

तर त्या शनिवारी मी मावशीपुढे उभी राहिले.

"बाई, तुमी कमिटीत हा नं," ती म्हणाली. "सांगजा नं त्याईले. हे जागा गेली तं मी कुठी बसू?"

"हो गं मावशी, प्रार्थना करते मी. हे कोहळं कसं दिलं?"

"ऐंशी द्या."

"ऐंशी? बाप्पा बाप्पा! सोन्याचं आहे का? अगं, देवाच्या कामाला पाहिजे, माझ्या घरी खायला नाही. चाळीस घे."

जिनं नुकतंच आपलं काम सांगितलं, ती माझ्याशी काय भांडणार? हे मला पक्कं माहीत होतं. पन्नासात तुटलं. तिनं कोहळं पदरानं पुसून माझ्या पिशवीत ठेवलं.

रविवारी व्यासपीठापुढे उसाची कमान, आष्टीकडची संत्री, आणि मधोमध माझं कोहळं. वर माझ्या नावाची चिठ्ठी. लिलावात सावंगीचे एक डॉक्टर आणि एक ठेकेदार दोघंही त्या कोहळ्याच्या मागे लागले. दोघांनाही ते खायचं नव्हतं, पण एकमेकांपुढे हटायचंही नव्हतं. पाचशे झाले, हजार झाले. तीन हजारांवर डॉक्टर जिंकले. टाळ्यांचा कडकडाट! मी तर अशी मान डोलावत होते, जणू वेल माझ्याच अंगणातला.

लगेच अध्यक्षांनी ब्लॉकचा विषय काढला. "देवाचा पैसा देवाच्या अंगणाला लागू दे. आमच्या कारभारीपणाच्या बाई काय म्हणतात?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मावशीचं बोलणं आठवलं नाही असं कसं म्हणू? आठवलं. पण त्या टाळ्यांनंतर माझ्यानं वाकडं बोलवेना. शिवाय उन्हात माझ्या स्कूटीची सीट तव्यासारखी तापते, हेही आठवलं. मी हात वर केला. पहिला माझाच.

उपासना सुटली. सलाम घेत-देत आम्ही फाटकाबाहेर आलो. मावशी बसलीच होती. चर्चवरच्या कर्ण्याचं तोंड रस्त्याकडे असल्यानं तिनं आतलं सगळं ऐकलं होतं. डॉक्टर ते धूड काखेत मारून अवघडले होते. त्यांनी ते तिच्यापुढे ठेवलं. "मावशी, घरी न्या. आम्ही दोघंच, कोण खाणार एवढं?"

ती म्हणाली, "फुकटचं नाई पचत मले." मग कंबरेची पिशवी उघडून तिनं पन्नासची नोट काढली आणि माझ्यापुढे धरली. "घ्या बाई. माल वापस आला, तुमचे पैसे वापस."

"अगं, असं काय करतेस, राहू दे ना."

"घ्या म्हणतो नं. हात तं तुमीच वर केला असन पयला?"

खोटं बोलायची सोय नव्हती, चर्चच्या दारात उभी होते. "हो," मी म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं झालं सांगतलं. आता उद्यापासूनच जागा पाहाव लागन." तिनं कोहळं टोपलीत घातलं आणि भिंतीला धरून उठायला लागली. उठायला तिला फार वेळ लागला. डॉक्टरांनी हात दिला. मी नोट धरून उभी होते.

ती नोट मला घरात ठेववेना. पुढच्या रविवारी दानात टाकली. पाकिटात घालून, सवयीनं वर नाव लिहून.

मावशी आता कुठं बसते, मला माहीत नाही. बाजारात दोनदा शोधलं, तिसऱ्यांदा गेले नाही. भिंतीशी लाल-करडे ब्लॉक बसलेत, साखळी लागली आहे. धडा अजून मीच शिकवते. आणि शिकवून बाहेर येते तेव्हा स्कूटीची सीट अगदी गार असते.