रविवारचे मार्क आणि चौकातला फलक

चंद्रपूरच्या एका क्लासवाल्याने माझ्या मुलीला फसवलं. मलाही फसवलं, पण माझं सोडा. धानाच्या धंद्यात मी असली माणसं रोज पाहतो. मुलीचं एक वर्ष गेलं. ते कसं गेलं तेवढंच इथे लिहितो.

मी मूल गावचा. मिसरूड फुटायच्या आधी राइस मिलमध्ये पोती उचलायला लागलो. पुढे गावोगावी फिरून धान विकत घेऊ लागलो, मिलला घालू लागलो. आज स्वतःचं गोदाम आहे. ते कुणी दिलं नाही, भाव करून आणि भांडून मिळवलं. माझं डोकं लवकर तापतं, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगी शांत. तिला डॉक्टर व्हायचं होतं. दहावी झाल्यावर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी तिला चंद्रपूरला क्लासमध्ये घातलं, तिथेच वसतिगृहात ठेवलं.

प्रवेश घेताना फीची घासाघीस केली नाही. वेगळी अट घातली.

"सर, तुमी दर रविवारी टेस्ट घेता. तर दर रविवारी पोरीचे मार्क वाढले पाहिजे. नाई वाढले तर तिले घेऊन जाईन, अन् काऊन नेली ते अख्ख्या मूलमध्ये सांगीन."

संचालक हसला. "वाढतील ना, भाऊ. माझा शब्द."

त्याने हात पुढे केला, मी धरला. सौदा चांगला झाला असं वाटून मी परत आलो.

रविवारी संध्याकाळी मार्क मोबाइलवर येत. ते वाढतच गेले. बाजारात मी ते दाखवायचो. एक जुना दलाल म्हणायचा, "पोरगी डॉक्टर झाली की आमची नाडी फुकट पाहीन का नाई?"

"तुमाले नाडी हाय कुठी? शेतकऱ्याचा भाव पाडता पाडता ते कवाच थांबली."

लोक हसायचे. मीही हसायचो.

बारावीनंतर खरी परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा ती प्रवेशाच्या आसपासही नव्हती. रविवारच्या मार्कांच्या निम्मेही मार्क नव्हते. ती रडली नाही. ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती.

"घाबरली होती का?" मी विचारलं.

"नाई बाबा. प्रश्न ओळखीचे नव्हते."

"मंग टेस्टमधले ओळखीचे राहत होते?"

"शनिवारी सर उजळणी घेत. फळ्यावर जे सोडवत, तेच रविवारी येत. भौतिकशास्त्राच्या गणितांत नुसते आकडे बदलून. आमाले वाटे, आपला अभ्यास पक्का झाला."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. तिला वाटत होतं, सगळीकडे असंच असतं.

दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूर गाठलं. संचालकाने चहा मागवला.

"सर, शनिवारी सांगून रविवारी विचारता. याले टेस्ट म्हणतात?"

"भाऊ, मुलांचा कॉन्फिडन्स टिकवावा लागतो. अन् मार्क वाढले पाहिजेत, ही अट कोणाची होती? तुमचीच ना? मी माझा शब्द पाळला."

मी टेबलावर हात आपटला. कप खाली पडून फुटला. त्याच्या दोन माणसांनी मला दंडाला धरून जिना उतरवला.

बसमध्ये त्याचं वाक्य डोक्यात फिरत राहिलं. उत्तर मूल गाव जवळ आल्यावर सुचलं. मी धानाची पोती भरून मागितली आणि कुणी कोंडा भरून दिला, तर पोतं भरलेलं आहे असं म्हणून तो सुटत नाही. काय मागितलं होतं ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं.

मुलीने पुन्हा परीक्षा द्यायचं ठरवलं. क्लास नको म्हणाली.

"पण एक अट हाय, बाबा. मार्क विचारायचे नाई. चुका विचारायच्या."

"अट घालाले कुठी शिकली?"

"तुमच्याच गोदामात."

जुन्या प्रश्नपत्रिका मागवल्या. ज्या वेळेला खरी परीक्षा असते त्याच वेळेला, भर दुपारी, ती गोदामाच्या ऑफिसात पेपर सोडवायला बसायची. मी दारात खुर्ची टाकून घड्याळ पाहायचो. हमालांनी आपसात ठरवून टाकलं होतं, बाई पेपरात असली की पोतं आपटायचं नाही.

पेपर तपासला की दुसऱ्या दिवशी ती चुका वेगळ्या करायची. आलंच नाही ते एकीकडे. येत असून आकडेमोडीत घसरलं ते दुसरीकडे. आणि प्रश्न कोरा सोडायचं मन होत नाही म्हणून अंदाजाने ठोकलं ते तिसरीकडे. मला वाटलं होतं, न येणाऱ्या प्रश्नांचा ढीग मोठा निघेल. मोठा निघाला तो अंदाजांचा. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, हे तिला माहीत होतं. पण क्लासमध्ये प्रश्न कोरा सोडायची वेळच कधी आली नव्हती, त्यामुळे सोडायचं कसं हे ती शिकलीच नव्हती. ते ती गोदामात शिकली.

आकडेमोडीतल्या चुका बहुतेक भौतिकशास्त्रात होत्या, कारण ते ती शेवटाला ठेवायची. मी विचारायचो, "हे चूक पुन्हा काऊन?"

"घाई झाली."

"घाई कायची? आरमोरीची बस सुटून राह्यली होती?"

मग तिने क्रम बदलला. जीवशास्त्र आधी, लगेच भौतिकशास्त्र, रसायन शेवटी. चुकलेला प्रश्न ती कापून डब्यात ठेवायची आणि काही आठवड्यांनी उत्तर न पाहता पुन्हा सोडवायची. सुटला तरच तो डब्याबाहेर जायचा. सुरुवातीच्या पेपरांना क्लासपेक्षा पुष्कळ कमी मार्क पडत असणार. तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. पण मी विचारलं नाही. एवढं तोंड मी कोणत्याच सौद्यात आवरलं नव्हतं.

खऱ्या परीक्षेतून बाहेर आली तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं, "बाबा, आज प्रश्न कोरे सोडून आली." सरकारी कॉलेजात तिला जागा मिळाली.

त्यानंतर काही दिवसांत मूलच्या चौकात त्या क्लासचा फलक लागला. त्यावर माझ्या मुलीचा फोटो. दोन वेण्यांचा, क्लासच्या प्रवेश-अर्जावर लावलेला. खाली लिहिलं होतं, आमची यशस्वी विद्यार्थिनी. मी फोन केला. संचालक म्हणाला, "विद्यार्थिनी आमचीच ना, भाऊ? पाया तर आम्हीच घातला."

मुलगी म्हणाली, "जाऊ द्या बाबा." ती कॉलेजला गेली. तिने जाऊ दिलं, मी नाही. कारण तो फलक पाहून माणसं थांबतात. परवा एक बाप आपल्या मुलीला फोटोकडे बोट करून दाखवत होता. मी त्याला शनिवार-रविवारचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण नंबर तर लागला ना?"

म्हणून संचालकांना सांगतो. मूलला या. त्या फलकाखाली उभे राहा. त्या बापासमोर, बाजारासमोर सांगा, शनिवारचा फळा आणि रविवारचा पेपर एकच होता की नाही. पाया घातला म्हणता, तर माझ्या मुलीचं जे वर्ष गेलं ते कोणत्या पायात गाडलं, तेही सांगा. आणि जाताना तो फोटो तुमच्या हाताने उतरवा.