मनमाडच्या वाटेने आलेला फोन

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो आणि आपल्याला सगळं कळतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

शहरातल्या एका डॉक्टरांना धमकीचे फोन येत होते. ‘मुलगी शाळेतून परत येणार नाही.’ आम्ही त्यांचा फोन निरीक्षणाखाली ठेवायला लावला. तिसऱ्या धमकीनंतर टेलिफोन एक्सचेंजचा कागद आला : कॉल मनमाडकडच्या सर्किटवरून, म्हणजे तिकडून येणाऱ्या लाइनवरून. त्याच दिवशी डॉक्टरांचा जुना ड्रायव्हर ठाण्यात आला, अगदी हात जोडून. “साहेब, मनमाडचा एक रेल्वेवाला दवाखान्यात डॉक्टरसाहेबांना ‘बघून घेईन’ म्हणाला होता.”

कागद मनमाडचा, खबरही मनमाडची. मी नकाशावर लाल टाचणी टोचली आणि रेल्वेवाल्याला आणवलं.

“बायकोच्या ऑपरेशनवरून बोललो, साहेब. रागात बोललो. पन फोन मी नाय केला.”

“मग काय भुताने केला?” मी टेबलावर हात आपटला. लागला मलाच.

त्याचं लक्ष माझ्यापुढच्या अटकेच्या कागदांवर होतं. “तेवढी सही नका करू, साहेब. अठ्ठेचाळीस तास आत राहिलो का रेल्वे सस्पेंड करती. घरात कमावणारा मी एकटाच हाय.”

आमचे हवालदार मुरलेले होते. म्हणाले, “साहेब, आधी एक्सचेंजचं सही-शिक्क्याचं पत्र आणू. नाहीतर कोर्टात तुमचंच इंटरोगेशन व्हायचं.”

म्हणून एक्सचेंजला गेलो. आतल्या थंडगार खोलीत बूट काढून जावं लागे. माझ्या पायमोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो लपवत मी इंजिनिअर बाईंसमोर उभा राहिलो आणि रुबाबात पत्र मागितलं.

“मनमाडहून आला, असं मी लिहून देणार नाही,” बाई म्हणाल्या.

“तुमच्याच कागदावर आहे की!”

“कागदावर मनमाडकडून आहे. साहेब, सध्या वणीला देवीच्या गडाची यात्रा चालू आहे. वणीहून नाशिकची थेट एसटी भरली तर माणसं काय करतात?”

“पिंपळगावमार्गे येतात.”

“कॉलही तसेच येतात.”

त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं. प्रत्येक गावापुढे वाटांचा क्रम लावलेला. वणी : पहिली पसंती थेट नाशिक, ती भरली की दुसरी, मनमाडमार्गे. यात्रेसाठी हा क्रम बाईंनीच आठवड्यापूर्वी लावला होता. माझ्याभोवती माणसाच्या उंचीची कपाटं बारीक दिवे लुकलुकवत उभी होती. ‘सुखरूप पोचलो’ सांगणारे हजारो आवाज त्यांतून आपापली वाट शोधत जात होते आणि एकही दुसऱ्यावर आदळत नव्हता. मला गर्दीचा बंदोबस्त लावायचा म्हटलं की घाम फुटायचा. इथे शिट्टीसुद्धा वाजत नव्हती!

“आणि या दोन?” मी पडद्यावर बाजूला ठेवलेल्या ओळी दाखवल्या.

“त्या वाटा कितीही गर्दी झाली तरी मोकळ्या ठेवते. एक सरकारी दवाखान्याला, एक तुम्हा पोलिसांना.”

मी अंगठा लपवायचं विसरलो.

धमकीच्या तिन्ही वेळांना वणीची थेट वाट भरलेली होती, असं नोंदी सांगत होत्या. “म्हणून वणीचाच कॉल आहे असंही मी म्हणत नाही,” बाईंनी बजावलं. “शोधायचं काम तुमचं.”

जीप थेट वणीला. चौथ्या एसटीडी बूथवर बिलाच्या पट्टीत डॉक्टरांचा नंबर सापडला, वेळही तीच. बूथवाला म्हणाला, “तो जीपवाला व्हय? भाविक गडावर सोडतो आन् इथं येतो. लय गोड बोलतो, पन दार घट्ट लावून घेतो.”

जीपवाल्याला गाठलं, तर तोच हात जोडणारा ड्रायव्हर. डॉक्टरांनी कामावरून काढल्याचा राग त्याच्या मनात होता. बिलाची पट्टी समोर ठेवल्यावर त्याने पाचच मिनिटांत कबुली दिली.

ठाण्यात परतून मी रेल्वेवाल्यासमोर कागद फाडले. माफी कशी मागतात हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. मी नुसताच घसा खाकरला. तो म्हणाला, “साहेब, निघू का? दुपारपाळी गाठतो.”

निरोप कुठल्या दारातून आत आला हे कळलं, म्हणजे तो कुठल्या घरातून निघाला हे कळलं असं नाही, एवढं मी त्या दिवशी शिकलो. पुढे निवृत्तीपर्यंत माझ्या टेबलावर अटकेचा कागद आला की मी विचारायचो, “दुसरी वाट तपासली का?” हाताखालची पोरं वैतागायची. वैतागू देत. सही तोवर होत नसे.