भिंतीवरची शाबूत बोटं

माणूस मोठा कसा काढायचा, हे फुटपट्टीला कुणी शिकवलं नव्हतं. निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार असो, शाळेला खोल्या बांधून देणारा शेठ असो, नाहीतर नुसताच बडा माणूस. तिच्या ब्रशखालून गेला की हातभर उंच होऊनच भिंतीवर चढायचा. गल्लीत तिला सगळे फुटपट्टीच म्हणायचे. एक तर ती तशीच सरळसोट, किडकिडीत. शिवाय समोरच्याला नजरेने मापल्याशिवाय तिला बोलताच यायचं नाही.

तिची युक्ती साधी होती. बघणाऱ्याची नजर साहेबाच्या गुडघ्याशी आणून ठेवायची. मग तो कितीही ताठ असो, मान वर करूनच बघणार. उजेड पाठीमागून द्यायचा, म्हणजे चेहऱ्यावर काय काय लिहिलंय ते सावलीत जातं. साहेबाचे डोळे बघणाऱ्याकडे लावायचे नाहीत, त्याच्या डोक्यावरून पलीकडे लावायचे, जणू पुढचं सगळं ह्यालाच दिसतंय. आणि भोवतीची माणसं लहान काढायची. "साहेब काही मोठे नसतात गं," ती शेजारणीला सांगायची, "बाकीच्यांना बसकं करावं लागतं." हे सांगताना ती खुशाल हसायची. एका उमेदवाराला तर तिने तोंडावर विचारलं होतं, "हनुवटी एकच ठेवू, की आहेत तेवढ्या काढू?" तोसुद्धा हसला होता. तोवर सगळं हसण्यावारी जात होतं.

मग डब्यांच्या कारखान्याची भिंत आली.

पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना, आणि त्याच्या गेटला लागून लांबलचक भिंत. मधोमध मालक, भोवती कामगार, सगळे खुशीत. "कसं, एका कुटुंबासारखं दिसलं पाहिजे," मॅनेजर म्हणाला. आता कुटुंब म्हणाल तर तिचंच कुटुंब त्या कारखान्यात होतं. तिचा दादा तिथे प्रेस चालवायचा. आईबाप गेल्यावर दादानेच तिला लहानाची मोठी केली. कोळशाने दारावर तोंडं काढली म्हणून वहिनी ओरडायची, तर दादा दाराशी उकिडवा बसून म्हणायचा, "नाक जमलंय की."

प्रेस म्हणजे काय, तर पाय दाबला की वरचा ठोकळा धाडकन खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. हात वेळेवर मागे आला नाही तर हातालाही देतो. मशीनच्या तोंडाला जाळी बसवली तर हात आत जाणारच नाही. पण जाळीमुळे काम हळू होतं, म्हणून जाळ्या गोदामात गंजत पडलेल्या. त्या खात्यात दहाही बोटं घेऊन घरी जाणारा म्हातारा शोधावा लागला असता. दादाच्या उजव्या हाताची बोटं गेली त्याला काही वर्षं झाली होती.

फुटपट्टीची एक अडचण होती. तिला मनचे चेहरे काढता येत नसत. गर्दी काढायची म्हटलं की ओळखीचीच तोंडं भिंतीवर येत. त्यामुळे मालकाच्या भोवती प्रेस खातं आलं, नाकाडोळ्यांसकट. पहिल्या रांगेत दादा आला, ज्याच्यावर जीव तोच पुढे, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते. दादाच्या उजव्या हाताशी ब्रश अडला. मग तिने बोटं काढली. पाचही. लांबसडक, नखांसकट. मशीनने खाल्लं ते आपण परत दिलं, असं तिला वाटलं. मग त्याच्याच एकट्याची का? भिंतीवरच्या प्रत्येकाला तिने हात परत दिले. परांचीवर बसून तिला भरून आलं होतं.

मॅनेजर खाली उभा राहून म्हणाला, "वा! हात काय सुरेख आलेत!"

ती खूश झाली. चहासुद्धा घेतला त्याचा. तिथेच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडायला हवा होता. असल्या माणसाला हात कधीपासून दिसायला लागले?

त्याच दिवसांत प्रेस खात्याने जाळ्यांसाठी उचल खाल्ली होती. सरकारी तपासनीस यायचा होता आणि त्याच्यासमोर खात्याच्या वतीने दादा बोलणार, असं ठरलं होतं. बोलायला दादा पक्का. मालकासमोर मान खाली घालणं त्याच्या रक्तातच नव्हतं. अशात भिंतीवरचा पडदा निघाला, आणि त्याच भिंतीवर दादा मान वर करून मालकाकडे बघत टाळ्या पिटताना सगळ्या गावाला दिसला.

तपासनीस यायच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनी फुटपट्टीच्या खोलीवर आली. चप्पल काढली नाही, बसली नाही.

"वन्सं, तुम्ही भाऊ विकलात की फुकट दिलात?"

"वहिनी, काय बोलताय?"

"मी नाही बोलत, खातं बोलतंय. 'पुढारी, खाली घोषणा आणि वर टाळ्या?' असं म्हणाले काल त्यांना. घोड्या म्हणून कोण तो, तो तर सगळ्यांसमोर म्हणाला, फोटो द्यायला मालकाकडे किती वेळा बसलास? उद्या हे बोलणार होते. आता म्हणतात, हा नको. आणि दुसऱ्या कुणाची छाती होत नाही."

"पण फोटो नव्हताच! मी आठवणीतून..."

"ते मला ठाऊक आहे. खात्याला कोण सांगणार? तुमचा ब्रश?"

लोकांना टोमणे मारण्यात जी कधी मागे हटली नव्हती, ती फुटपट्टी रंगाच्या डब्यांची झाकणं लावत बसली. नंतर तशीच उठली आणि दादाकडे गेली. तो दुपारच्या पाळीला निघायच्या तयारीत पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता, बांधता बांधता ती सुटत होती. तिने सवयीने नजर दुसरीकडे वळवली.

"दादा, माझ्या मनात वाईट नव्हतं रे."

"मला माहीत आहे."

"तुला परत द्यावीत असं वाटलं."

दादा थोडा वेळ नाडीशीच झगडला. "माझी बोटं त्यांनी घेतली, हे सांगायला माझ्याजवळ हा हातच होता. तपासनीस आधी भिंत बघणार. सगळ्या खात्याचे हात धडधाकट. मग मी आत जाऊन हा दाखवणार. म्हणतील, हा एकटाच वेंधळा." तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हिशेब समजावून सांगावा तसं सांगत होता. "तू मला दिली नाहीस गं. तू त्यांना माफी दिलीस, माझ्या नावाने."

"मी तुला पुसते. आत्ता जाते."

"पुसू नकोस. पुसलंस तर म्हणतील सौदा फिसकटला. भिंतीवर घालताना विचारलं नाहीस, काढताना तरी विचार."

एवढं बोलून तो निघून गेला. फुटपट्टी पायरीवर बसून राहिली. आजवर काढलेले सगळे साहेब तिच्यासमोरून गेले, आणि त्या साहेबांच्या गुडघ्याशी तिने बसकी केलेली माणसं. ती कोण होती, हे तिने कधी कुणाला विचारलं होतं? गर्दी म्हणून जी तोंडं वापरली, त्यांना घरं होती, खाती होती, तोंड दाखवायला जागा लागत होती.

दुपारी पाळी बदलायच्या वेळी ती शिडी घेऊन गेटवर हजर झाली.

"काय गं, संपलं होतं ना काम?" वॉचमन म्हणाला.

"संपलं होतं. चुकलंय. दुरुस्तीला आलेय."

दुरुस्ती म्हटल्यावर त्याने हटकलं नाही. एक पाळी सुटत होती, दुसरी आत शिरत होती. तिने शिडी लावली, चार पायऱ्या चढली आणि मागे वळून ओरडली, "ऐका! माझा भाऊ फोटोला बसला नाही. तुमच्यातलं कुणीच बसलं नाही. मी न विचारता तुम्हाला इथे उभं केलंय, आणि हात खोटे काढलेत. ज्यांचं बोट गेलंय त्यांनी या आणि दाखवा, मी काढून टाकते."

लोक थबकले. कुणीतरी शिट्टी मारली. घोड्या कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "मालकाने पाठवलं काय?"

"मालकाने पाठवलं असतं तर तुझ्या हाताला सहावं बोट लावून गेले असते."

हशा पिकला. घोड्या हसला नाही. पण पुढे आला, आणि डावा हात वर केला. तर्जनी मुळापासून नव्हती. भिंतीवरच्या घोड्याची तर्जनी फुटपट्टीने मागच्या रंगात बुजवून टाकली. घोड्याने आपला हात भिंतीवरच्या हाताशी लावून बघितला. "हां," तो म्हणाला, "आता मी वाटतोय."

मग एकेकजण पुढे आला. "माझी करंगळी." "माझी दोन, ही आणि ही." "माझा अंगठा शाबूत आहे हं, तो राहू दे, मालकाला दाखवायला लागतो!" भिंतीवरच्या टाळ्या तुटत गेल्या. मधला मालक होता तसाच होता, पाठीमागून उजेड, नजर लांब. पण आता सगळ्या बुटक्या माणसांचे उरलेसुरले हात त्याच्याकडे वर झाले होते आणि ते टाळीसारखे दिसत नव्हते.

"पुढारी कुठाय?" घोड्यानेच विचारलं. "उद्या बोलायचंय त्याला, आत कशाला पळाला?"

दादा आत गेला नव्हता. तो गर्दीच्या मागे, हात खिशात घालून उभा होता. लोकांनी वाट दिली. फुटपट्टीने त्याचा हात शेवटी ठेवला होता. तिने ब्रश भरला, भिंतीशी नेला, आणि तो तिथेच थांबला. कुठून कापायचं? मधलं बोट मुळापासून गेलं की अर्धं? करंगळी आहे की नाही? मालकाच्या कपाळावरची आठी तिला झोपेत काढता आली असती. सख्ख्या भावाचा हात तिने इतक्या वर्षांत एकदाही नीट बघितला नव्हता. ताटावरून, दरवाज्यावरून, शर्टाच्या बाहीवरून, कुठूनही तिची नजर त्या हाताला वळसा घालून गेली होती.

"दादा," ती हळूच म्हणाली, "मला माहीत नाही रे."

ऑफिसच्या दारातून मॅनेजर तरातरा बाहेर येताना दिसला, वॉचमन शिट्टी फुंकायला लागला. कुणी हललं नाही. दादाने खिशातून हात काढला, शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय दिला आणि तो हात भिंतीवर, रंगवलेल्या हाताशेजारी टेकवला.

"मधलं अर्धं आहे अजून," तो म्हणाला. "बघून काढ. आहे तेवढं कापू नकोस."