व्हरांड्यातला पहिला नंबर

ज्याने बोर्डिंगच्या कचेरीत चार-पाच जून महिने काढले, त्याला म्हातारपणी गप्पांचा तोटा नसतो. तीस सालानंतरची काही वर्षं मी नाशकातल्या एका बोर्डिंगात कारकून होतो. आजही मित्रमंडळी जमली की कोणीतरी म्हणतंच, "तो दगाजीचा सांगा!" मी म्हणतो, थांबा. दगाजी असा एकदम येत नाही. आधी जून येतो, मग अर्ज येतात, आणि मग दगाजी येतो.

त्या वेळी खेड्यातली शाळा मराठी चौथीला संपायची. पुढे इंग्रजी शिकायचं तर नाशिक गाठायचं, आणि नाशकात राहायचं तर आमच्या बोर्डिंगात. जेवणखाण फुकट, इंग्रजीचे वर्ग आवारातच, शिस्त कडक, आणि जागा अगदी मोजक्या! जूनमध्ये आमच्या दारात अशी झुंबड उडायची की टांगेवाले विचारायचे, "सिंहस्थ यंदाच आहे का हो?"

आमचे सुपरिंटेंडेंट आबासाहेब. माणूस देवासारखा, पण देवासारखाच कोणाचं चटकन ऐकायचा नाही.

* * *

आबासाहेब प्रत्येक मुलाची मुलाखत घ्यायचे. अट एकच, उत्तरं मुलाने द्यायची. बापाने मध्ये तोंड घालायचं नाही.

एकदा मखमलाबादकडचे एक फुलांचे बागाईतदार मुलाला घेऊन आले. मुलगा खाली मान घालून उभा.

"बाळ, नाव काय तुझं?"

"पांडुरंग!" बापाने सांगितलं.

"तुम्ही नका सांगू, त्याला बोलू द्या. बाळ, कितवी पास झालास?"

"चौथी!" पुन्हा बापच.

आबासाहेब तापले. "अहो, तुम्ही गप्प बसता की बाहेर जाता?"

बापाने घाबरून उपरण्याचा बोळा तोंडावर दाबून धरला. आबासाहेबांनी आवाज मऊ केला. "बाळ, वडिलांचं नाव काय तुझ्या?"

मुलाने बापाकडे पाहिलं. बापाचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याने हळूच बोळा बाजूला केला आणि हात जोडून विचारलं, "साहेब, निदान एवढं तरी मी सांगू का?"

आबासाहेबांनी जागा दिली! मी कारण विचारलं तर म्हणाले, "हे पोर घरी राहिलं तर जन्मात बोलायचं नाही."

* * *

शिफारशींनी तर आम्हाला पार जेरीस आणलं होतं. याची चिठ्ठी, त्याचा निरोप, कोणाच्या सासऱ्याचा नमस्कार. शेवटी आबासाहेबांनी दारात फळा लावला आणि त्यावर स्वतः ठळक अक्षरांत लिहिलं, 'शिफारस आणणाराचा अर्ज बाद होईल.'

दुसऱ्याच दिवशी चांदवडचे एक कांद्याचे व्यापारी आले. बसले, घाम पुसला आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

आबासाहेब म्हणाले, "फळा वाचला नाहीत?"

"वाचला ना! म्हणून तर आणलाय."

मी कागद उघडला. खाली एका बड्या वकिलांची झोकदार सही. वर मजकूर असा: 'सदर गृहस्थांनी आमच्याकडे शिफारस मागितलेली नाही. ते मागणाऱ्यांपैकी नव्हेतच. त्यांच्या अर्जाचा विचार करताना ही गोष्ट आपण अवश्य ध्यानात घ्यावी.'

मी म्हणालो, "फळ्यावर आणखी एक ओळ वाढवू या का?"

"नको," ते म्हणाले. "उद्या फळा वाचला नसल्याचा दाखला घेऊन येतील!"

* * *

जागा भरल्या की राहिलेल्या मुलांची वेटिंग लिस्ट लागायची. पहिल्या दोन महिन्यांत एखाद-दुसऱ्या मुलाला घर आठवायचं, तो वळकटी उचलून पळून जायचा आणि जागा रिकामी व्हायची. पण लिस्टवरच्या माणसाला पत्र धाडायचं, ते खेड्यात पोचायचं, त्याने यायचं, यात आठवडा जायचा. म्हणून आबासाहेबांनी नियम केला, जागा होईल त्या दिवशी जो हजर असेल त्यालाच नंबराप्रमाणे आत घेऊ.

नियम मोठा सोयीचा वाटला. झालं काय, तर लिस्टवरच्या सगळ्या बापांनी मुलांसकट बोर्डिंगच्या व्हरांड्यातच मुक्काम ठोकला!

व्हरांड्याला ओळीने खांब होते. दाराजवळच्या खांबाला पहिला नंबर, त्याच्या शेजारी दुसरा, अशी वहिवाट त्यांची त्यांनीच पाडली. पहिल्या खांबाला दगाजी. कळवणच्या पलीकडल्या एका खेड्यातला शेतकरी, डोक्याला भलं थोरलं मुंडासं, सोबत मुलगा भिका. भिकाची आई तो रांगत असतानाच गेलेली, तेव्हापासून बापलेक एका ताटात जेवायचे. शेत धाकट्या भावावर टाकून दगाजी आला होता, आणि भावाने निक्षून सांगितलं होतं, पोळ्यापर्यंत वाट पाहीन. तोवर जागा झाली नाही तर पोरगं गुरांमागे जाईल. म्हणजे भिकाची शाळा पोळ्याला एक तर सुरू व्हायची नाही तर कायमची संपायची.

दुसऱ्या खांबाला मालेगावचे विणकर करीमभाई आणि त्यांचा रहीम. भिका आणि रहीम पहिल्याच दिवशी दोस्त झाले आणि दिवसभर गोदेवर डुंबायला लागले. काळजी वाहायला बाप होतेच.

या व्हरांड्यात रामराम नाही, सलाम नाही. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "कोणी पळालं का?"

एक दिवस तिसऱ्या खांबाचा माणूस कंटाळून गावी गेला. चौथ्या खांबाच्या गृहस्थाने ताबडतोब वळकटी उचलून तिसऱ्या खांबाला टेकवली, बाजारात गेला आणि आम्हा सगळ्यांना पेढे वाटले.

मी म्हणालो, "वा! मुलाला जागा मिळाली वाटतं?"

"नाही हो," तो म्हणाला, "खांब मिळाला!"

* * *

आषाढात आतला एक मुलगा तापाने फणफणला. आबासाहेब म्हणाले, उद्यापर्यंत उतरला नाही तर वडिलांना बोलावून घरी पाठवू. ही बातमी व्हरांड्यात पोचायला कितीसा वेळ लागणार!

करीमभाई सारखे दारातून डोकवायचे. "साहेब, अब कैसा है बच्चा?" आवाजात काळजी असायची आणि आशाही असायची. कुठली किती, ते त्यांचं त्यांना तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

दगाजी मात्र खांबापाशी दिसेना. पाहतो तर हा आत, त्या मुलाच्या उशाशी! कुठूनशी गुळवेल आणून काढा केलेला, तो घोट घोट पाजत बसलेला. दुसऱ्या दिवशी मुलगा उठून बसला आणि भाकरी मागायला लागला.

करीमभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "दगाजीभाऊ, अरे तू क्या कर के बैठा?"

"लेकरू आई आई करीत व्हतं," दगाजी म्हणाला. "मंग काय पाहत बसू?"

"तो काढा जरा पतला तो करता!"

* * *

खरा कहर पुढेच आहे. एक मुलगा खरोखर पळाला! संध्याकाळी हजेरी घेताना कळलं. व्हरांड्यात आनंदीआनंद. करीमभाई भिकाची ट्रंक पुसायला लागले. मीही दौत-टाक घेऊन तयार. आणि इतक्यात फाटकातून दगाजी आला. पाठीवर वळकटी, आणि हाताला धरलेला तोच पळालेला मुलगा!

मला त्या माणसाचा खरोखर राग आला. आबासाहेबसुद्धा म्हणाले, "दगाजी, याला का आणलंत? हा गेला असता तर तुमच्या भिकाला जागा होती."

"ठावं हाय ना सायेब," दगाजी म्हणाला. "म्या त्याला म्हनलं, जाय बाबा, खुशाल जाय घरी. त ह्यो म्हने, मला रस्ता म्हाईत नाय. आता एवढंसं पोर, एकलं कसं सोडू?"

"मग त्याच्या घरी पोचवायचं होतंत!"

"त्याचं घर इगतपुरीले शे. बोर्डिंग जवळ पडली!"

त्यानंतर तर दगाजी रोज संध्याकाळी पोरांना अंगणात गोळा करून वाघाच्या, भुतांच्या आणि चोरांच्या गोष्टी सांगायला लागला. गोष्ट मात्र कधी संपवायचा नाही, उरलेली उद्या म्हणायचा. आता अर्धी गोष्ट टाकून कोण पळून जाणार? त्या साली आमच्याकडून पुन्हा एकही मूल पळालं नाही. आबासाहेबांनी कमिटीला छाती फुगवून सांगितलं, "शिस्तीचा परिणाम!"

* * *

दिवसा पोरं वर्गात, तेव्हा दगाजीला करमायचं नाही. पहिला खांब नेमका इंग्रजीच्या वर्गाच्या खिडकीखाली. भिका नदीवर डुंबत होता आणि बाप कान देऊन बसत होता.

श्रावणात शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला आले. पोरांची बोबडीच वळली. साहेबांनी हातातली छडी वर धरली. "व्हॉट इज धिस?"

सगळ्यांनी पाट्यांत डोकी घातली.

"व्हॉट इज धिस?" साहेब गरजले.

खिडकीबाहेरून एक भरदार आवाज आला, "धिस इज अ स्टिक!"

डेप्युटीसाहेब खूश. "व्हेरी गुड! कोण तो मुलगा?"

"मुलगा नाही साहेब," आबासाहेब म्हणाले. "बाप आहे. वेटिंगवर असतो."

साहेबांनी जाताना शेरा मारला, तो मी स्वतः वाचलाय: 'वर्गातील विद्यार्थी बेताचे. वेटिंग लिस्टची प्रगती समाधानकारक.'

* * *

पोळा दोन दिवसांवर आला. दगाजीने वळकटी बांधायला घेतली. पोरांना त्या संध्याकाळी गोष्टसुद्धा सांगितली नाही. मला पाहवेना. मी आबासाहेबांना म्हणालो, एक जागा वाढवा. ते म्हणाले, "एक वाढवली तर सगळे खांब आत घ्यावे लागतील." तेही खरंच होतं.

आणि रविवारी सकाळी एका मुलाचे वडील आले. सरकारी नोकर, धुळ्याला बदली झालेली, मुलाला घेऊन निघाले. त्यांचा टांगा फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच आबासाहेब स्वतः व्हरांड्यात आले. "दगाजी, भिकाला आत आणा!"

काय सांगू तो आनंद! करीमभाईंनी दगाजीला कडकडून मिठी मारली. तिसऱ्या खांबाने पुन्हा पेढे आणले, का तर तो आता दुसरा झाला होता.

रविवार म्हणजे पालकांच्या भेटीचा दिवस. अंगणभर आईबाप आपापल्या पोरांना जवळ घेऊन बसलेले, फडक्यातल्या दशम्या सुटलेल्या. त्या सगळ्यांमधून भिका ट्रंक घेऊन ताठ मानेने चालत गेला. ना रडला, ना मागे वळला. आबासाहेब म्हणाले, "शाबास! याला म्हणतात विद्यार्थी."

दगाजी फाटकापर्यंत गेला. तिथे थांबला. मग मटकन खाली बसला, मुंडासं तोंडावर ओढलं आणि असा काही हंबरडा फोडला की टांग्याचं घोडं बिचकलं!

"आता म्या कोनासंगं जेवू रं भिका!"

आधी सिन्नरकडची एक बाई डोळ्यांना पदर लावायला लागली. मग तिच्या शेजारची. मग त्यांची पोरं. मग सगळं अंगण! आचारी झारा हातात घेऊन बाहेर आला आणि कशासाठी ते न विचारताच रडायला लागला. आबासाहेबांनी घंटा वाजवली. पोरं मुकाट्याने रांगेत उभी राहिली आणि रांगेत रडली. शिस्त कडक!

खिडकीतून एकटा भिका ओरडत होता, "बा, गप की! लोक पाहत्यात!"

सिन्नरकडची बाई उठली. "माझं पोर मला जड नाय झालं," म्हणाली, आणि मुलाची वळकटी काखेत मारून चालती झाली. तिच्या मागून दुसरी. तिच्या मागून एक पेन्शनर फौजदार, नातवाला खांद्यावर घेऊन, मिशा पुशीत. आबासाहेब फाटकात आडवे झाले, पण ऐकतो कोण!

दुपार टळेपर्यंत बोर्डिंगात तीन जागा रिकाम्या झाल्या होत्या. आबासाहेब उपरण्याने डोळे टिपत व्हरांड्यात आले आणि बसक्या आवाजात म्हणाले, "करीमभाई, रहीमला घ्या आत."

करीमभाईंनी रहीमची ट्रंक डोक्यावर घेतली, पण आत न जाता आधी फाटकाकडे गेले. दगाजी अजून तिथेच हुंदके देत होता. करीमभाई ट्रंकेसकट त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"दगाजीभाऊ," ते म्हणाले, "दो महिने से तेरे बाजू में बैठा हूँ. ये रोना तेरे को जरा पहले नहीं आता था?"